छत्तीस हिसके

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पूर समितीनं हरिचंद्रला बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही.

नदीकाठच्या मांजर्लीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सात-आठ माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. दोन खुर्च्या मोकळ्या होत्या, त्यांच्यावर फायली ठेवल्या होत्या. हरिचंद्र दाराजवळ उभा राहिला. समितीचा अध्यक्ष जयदेव, म्हणजे त्याच भागात इमारती बांधणारा, चष्मा लावून कागद वाचत होता. गेल्या वर्षीच्या पुरात चालकाच्या हलगर्जीपणामुळे बोट वेळेवर निघाली नाही, त्यात एका ज्येष्ठ महिलेचा जीव गेला, म्हणून यंदा बोट जयदेवच्या बांधकामाच्या साइटवरचा दुसरा माणूस सांभाळेल आणि चालकानं शेडची किल्ली जमा करावी, असं त्यात लिहिलं होतं. चालकाचं नाव घालायची तसदी कुणी घेतली नव्हती.

हरिचंद्र चौपन्न वर्षांचा. जवळच्याच बेलवलीतल्या जुन्या शेतकरी घरातला. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यानं सव्वीस वर्षं फिटर म्हणून काढली, मग कंपनी बंद पडली. २००५ च्या जुलैत नदी मांजर्लीच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढली, तेव्हा लोकांनी टायरच्या ट्यूबा आणि दारांच्या फळ्या घेऊन एकमेकांना बाहेर काढलं होतं. त्यानंतर ही समिती झाली. तिनं उल्हासनगरातून एक जुनी फायबरची बोट आणली आणि बोटीच्या मागं लावायची तितकीच जुनी पेट्रोलची मोटर आणली. मोटर दोरा ओढून सुरू करायची. ती कोण चालवणार असं विचारल्यावर हरिचंद्र आपण होऊन पुढं आला होता. काही मागितलंही नव्हतं.

पुढच्याच श्रावणात पाणी पुन्हा आलं. पहिल्या वेळेइतकं नाही, पण गल्ल्यांत छातीभर, आणि त्याला ओढ भयंकर. सकाळचे साडेनऊ झाले असतील. हरिचंद्रनं शेडमधून बोट काढली, दोरा ओढला, मोटर लागली नाही. पुन्हा ओढला. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. सुरुवातीला त्यातले काही हसले. वल्ह्यानं जाऊ म्हणून त्यानं बोट सोडली तर पाण्यानं ती उचलून एका कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन आपटली. तो परत दोऱ्याकडे वळला. छत्तिसाव्या हिसक्याला मोटर लागली. तोवर वीस मिनिटं गेली होती.

मांजर्लीतले रस्ते दरसाल भर घालून उंच होत गेले होते आणि तळमजले खाली राहिले होते. अशाच एका तळमजल्यावर महेंद्रचं घर होतं. महेंद्र ठाण्याला ऑफिसात गेलेला. त्याची आई चांगुणाबाई मांडी मोडून प्लास्टरमध्ये होती. सून संध्यानं तिला कशीबशी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढवलं होतं आणि स्वतः गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी तिचं डोकं वर धरलं होतं. हरिचंद्रनं लाथा घालून दार उघडलं तेव्हा संध्याचे हात तसेच वर होते, पण त्या हातांत सासू नव्हती.

दुपारी महेंद्र कमरेएवढ्या पाण्यातून आला. छत्तीस हिसक्यांची गोष्ट त्याला कुणीतरी आधीच सांगितली होती. त्यानं शंभर माणसांदेखत हरिचंद्रच्या थोबाडीत मारली आणि दारू पिऊन आलास म्हणाला. मग जयदेव पुढं झाला. त्यानं हरिचंद्रला तोंड उघडायला लावलं आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. वास आला नाही. येणारच नव्हता, बाप दारूनं गेल्यापासून हरिचंद्रनं थेंब तोंडात घेतला नव्हता. पण वास आला नाही हे जयदेवनं कुणाला सांगितलं नाही. तोंड उघडलेलं सगळ्यांनी पाहिलं आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

आता हॉलमध्ये हरिचंद्रनं किल्ली खिशातून काढली नाही. पंधरा दिवस मोटर माझ्या घरी द्या म्हणाला. काय बिघाड आहे तो शोधून काढतो, मग तुम्हाला हवा तो निकाल करा. जयदेव म्हणाला की बिघाड कसला? समिती महिन्यातून दोन रविवारी मोटर तपासत होती आणि दर वेळी ती पहिल्या हिसक्याला लागत होती. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

यावर हरिचंद्रनं खिशातली किल्ली मुठीत धरली. खाली बघत राहिला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर महेंद्र बसला होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, "द्या त्यांना. काय शोधतात ते बघू दे."

मोटर नेण्याआधी हरिचंद्रकडून कागदावर सही घेतली. मोटरीला काही झालं तर तो जबाबदार, असा तो कागद.

मोटर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, वेणूनं, हातगाडीवर घालून बेलवलीला आणली. परसात आंब्याखाली त्यानं दोन वासे पुरले, आडवी फळी ठोकली आणि मोटर तिला लटकवली. तिचा पंखा बुडेल असा पाण्याचा पिंप खाली लावला. वेणू पदरानं तोंड पुसत बघत होती. त्यांच्याकडे नदीच्या बाजूला वीस गुंठे भातशेती उरली होती. भाताच्या रोपांसाठीचा राब भाजून झाला होता, आता पाऊस पडायच्या आत पेरायचा होता.

"राब तसाच पडलाय," ती म्हणाली. "पानी आलं म्हंजे मंग काय मोटर पेरनार?"

"तुला जमत नसंल तर नको पेरू," हरिचंद्र म्हणाला.

वेणूनं कोयता उचलला आणि ती एकटीच शेताकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यानं पहिला दोरा ओढला. चोक ओढलेला, पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून घेतलेला, सगळं रीतसर. एकोणचाळिसाव्या हिसक्याला मोटर लागली, आंब्याखाली निळा धूर भरला, शेजारची कुत्री भुंकली. पाच मिनिटं चालवून त्यानं ती बंद केली आणि परत ओढली. नुसता अर्धा हात दोरा ओढला तर लागली. दहा वाजता पहिल्या हिसक्याला. बाराला पहिल्या हिसक्याला.

म्हणजे खोड होती ती फक्त मोटर गार असताना. आणि अशी खोड दिवसातून एकदाच पकडता येते. सकाळचा पहिला हिसका खरा, त्यानंतर दिवसभर मोटर खोटं बोलणार. काही बदलून बघायचं तर दुसरी सकाळ उजाडेपर्यंत थांबायचं. पंधरा दिवस म्हणजे पंधराच सकाळी हातात होत्या, आणि त्यातली एक गेली.

त्याच पहिल्या दिवशी त्यानं दोन्ही प्लग काढले, घरात काळोख करून ठिणगी बघितली. ठिणगी निळी, कडक. तरी तो उल्हासनगरला जाऊन मोटर विकणाऱ्या टेकचंदकडून नवे प्लग घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी छत्तीस हिसके. त्यानं टाकी उलटी केली, तळाशी वाटीभर पाणी निघालं. टाकी धुऊन, वाळवून, नवं पेट्रोल आणि ऑइल मापून घातलं. तिसऱ्या दिवशी चाळीस. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून वेणूला दोरा ओढायला लावला. दोन्ही सिलिंडर अंगठा फेकून देत होते, दाब ठीक होता. चौथ्या दिवशी सदतीस.

खांदा सुजला. दोरा ओढताना उजव्या खांद्यातून मानेपर्यंत कळ जायची आणि डोळ्यांपुढं अंधारी यायची. वेणू एरंडाचं पान तापवून बांधायची, सकाळी तो ते सोडून फेकायचा. दोऱ्याच्या मुठीनं तळहाताला फोड आले, फुटले, खाली लाल मांस दिसायला लागलं. तो त्यावर चिंधी गुंडाळून ओढायचा आणि प्रत्येक हिसक्याला एकेकाचं नाव घ्यायचा. जयदेव. महेंद्र. त्या गॅलरीतला पांढऱ्या बनियनचा, जो हसला होता. टेकचंद, ज्यानं हा धोंडा गळ्यात बांधला. नावं संपली की परत पहिल्यापासून.

पाचव्या दिवशी सकाळी अठ्ठाविसाव्या हिसक्याला त्याचा हात वर उठेना. वेणू राबावरून चहापुरती आली होती, हात चिखलानं भरलेले. तिनं त्याला बाजूला केलं, पिंपावर एक पाय रोवला आणि कंबर वळवून दोरा ओढला. सहाव्या हिसक्याला तिच्या हाताला मोटर लागली. हरिचंद्रला बरं वाटायच्या ऐवजी राग आला. हातातला पाना त्यानं आंब्याच्या बुंध्यावर फेकून मारला.

"माज्यावर कशाला?" वेणू म्हणाली. "मी नाय मारली तुमच्या थोबाडीत."

एवढं बोलून ती परत शेतावर गेली. दुपारपर्यंत तो परसातच बसून राहिला. दुपारी तिनं परत येऊन पुढ्यात भाकर ठेवली पण कालवण वाढायला थांबली नाही.

मग तो परत उल्हासनगरला गेला. टेकचंदचं दुकान म्हणजे जुन्या पंपांची, जनरेटरांची आणि मोटरींची एक लांबोडी खोली. गिऱ्हाईक होतं, कारागीर होते, त्या सगळ्यांसमोर हरिचंद्रनं आवाज चढवला. भंगार विकलंस, म्हणाला, त्या भंगारापायी एक बाई मेली. टेकचंद साठीचा, जाड भिंगांचा म्हातारा. त्यानं उलट आवाज केला नाही. हातातलं कार्बोरेटर खाली ठेवलं, हात पुसले.

"हरिभाऊ, गरम झाल्यावर चालते ना? तर मशीन मेलेली नाही," तो म्हणाला. "आग, हवा, तेल. तीनच चीज आहेत, चौथी नाही. आग तुम्ही बघितली. सकाळी ठंडी मशीन, वरून हातानं थोडं पेट्रोल तिच्या तोंडात घाला. पटकन लागली तर समजा तेल पोचत नाही. मग कोण अडवतो ते शोधा. मला शिव्या नंतर द्या."

हरिचंद्रनं नवा रबरी फुगा घेतला आणि आभार न मानता निघाला. नव्या फुग्यानं सहाव्या दिवशी एकतीस हिसके लागले. पाच-सहा कमी झाले एवढंच.

सातव्या दिवशी पाऊस आला. आंब्याखाली ताडपत्री बांधून, गुडघे चिखलात टेकून त्यानं मोटरीच्या पुढच्या बाजूचा डबा खोलला. हा डबा म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरचं झाकण, हवा याच्यातून आत जाते. या सहा दिवसांत त्यानं सगळं खोललं होतं, फक्त हे झाकण नाही. औषधाच्या पिचकारीत पेट्रोल भरून त्यानं थेट आत मारलं आणि दोरा ओढला. दुसऱ्या हिसक्याला मोटर गरजली.

त्यानं ती लगेच बंद केली. पेट्रोल पोचत नव्हतं तर. म्हातारा खरं बोलला होता.

वेणू ताडपत्रीच्या कडेचं पाणी बादलीत धरत होती. त्यानं तिला चोकची मूठ ओढायला सांगितली. मोटर गार असली की तिला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते; चोक ओढला की कार्बोरेटरच्या तोंडावर पितळेची एक चकती फिरते आणि हवा बंद करते. वेणूनं मूठ शेवटपर्यंत ओढली. हरिचंद्रनं बॅटरीचा उजेड आत मारला.

चकती फिरली, पण पुरती लागली नाही. वरच्या बाजूला बोटभर फट राहिली.

"अजून ओढ."

"आली सगली भायेर. आता काय तोडू?"

तो बॅटरी धरून तसाच राहिला. मुठीपासून चकतीपर्यंत एक तार गेली होती. ती सायकलच्या चाकातली आरी, म्हणजे स्पोक होती. दोन्ही टोकांना आकडे वळवलेले, एक आकडा कानशीनं घासून गोल केलेला. ते घासणं त्यानं ओळखलं. दोन वर्षांपूर्वी मोटर आली तेव्हा मूळची तार गंजून तुटलेली होती, उल्हासनगरात तसली मिळाली नव्हती, तेव्हा त्यानं ही घरी बनवली होती. कंपनीच्या तारेपेक्षा भारी झाली म्हणून वेणूला दाखवली होती. माप डोळ्यानंच घेतलं होतं. सव्वीस वर्षांचा फिटर, त्याला पट्टी कशाला लागते. तार अर्ध्या बोटानं लांब झाली होती आणि मुठीचं शेवटचं ओढणं त्या ढिलाईतच जिरत होतं. दुसऱ्यांनी केलेलं सगळं त्यानं सहा दिवस उघडून बघितलं होतं.

वेणूनं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तिलाही आरी आठवली असावी. ती मूठ सोडून उभी राहिली.

त्यानं तार काढली, कापली, पट्टी लावून मोजली आणि परत वळवली. चकती आता चट्‌ करून तोंडावर बसली. आठव्या दिवशी सकाळी तिसऱ्या हिसक्याला मोटर लागली. नवव्या दिवशी दुसऱ्या. दहाव्या दिवशी परत तिसऱ्या.

त्या तीन दिवसांत तो वेणूबरोबर राबावर गेला. रोपांवर कोवळं हिरवं आलं होतं. बांधावर बसून त्यानं तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती. मोटर गार असताना त्रास देते हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. समितीच्या रविवारी तो तासभर आधी शेडवर जायचा, चाळीस हिसके मारून ती चालू करायचा, गरम करून बंद करायचा. मग अकराला मंडळी आली की एका हिसक्यात लावून दाखवायचा. चारचौघांत दोरा ओढत घाम गाळत उभं राहायला नको म्हणून.

वेणू बराच वेळ गवत उपटत राहिली. मग म्हणाली, "सांगू नको कोनाला. मोटर चालू झाली, बास झालं. ते काय तुजं भलं करनारे लोक नायत." ती त्याला अरेतुरे फार क्वचित करायची, घाबरली की.

"मना ठाव हाय," तो म्हणाला.

जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सातला समिती नदीवर जमली. वेळ त्यानंच मागून घेतली होती. मोटर रात्रभर शेडमध्ये गार पडलेली, शेडला रात्रीपुरतं जयदेवचं स्वतःचं कुलूप. पाऊस थांबला होता, नदी गढूळ, काठाला लागून चाललेली. काठावर पंधरा-वीस माणसं होती. महेंद्र आला होता आणि त्याच्या मागं, थोडी लांब, संध्या. ती अंबरनाथ पश्चिमेला एका दवाखान्यात कामाला जायची, आज रविवार म्हणून घरी होती. त्या दिवसानंतर हरिचंद्र तिच्यासमोर कधी आला नव्हता.

त्यानं जयदेवला मोटरीवर हात ठेवायला लावला, गार आहे ना म्हणून. मग दोरा ओढला. तिसऱ्या हिसक्याला मोटर लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

जयदेवनं घसा साफ केला. हरिचंद्रनं मेहनत घेतली हे मान्य करायला हवं, असं तो म्हणाला. मोटरीत मूळचाच दोष होता, विकणाऱ्यानं समितीला फसवलं, तेव्हा चालकावर ठपका ठेवायचं आता कारण नाही, तो कागद आपण रद्द करू. त्या उल्हासनगरवाल्याला मात्र सोडायचं नाही. माणसांनी माना डोलावल्या. त्यांचे चेहरे सैल झाले. दोष दूर उल्हासनगरात होता, तिथल्या एका म्हाताऱ्याकडे, ज्याला इथं कुणी ओळखत नव्हतं. वर्षभर हरिचंद्रला जे ऐकायचं होतं ते हेच होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

त्यानं मोटर बंद केली.

"माल खराब नव्हता," तो म्हणाला. "चोकची तार मी बनवलीवती. ती लांब झाली. टेकचंदचा काय संबंध नाय."

जयदेव हसल्यासारखं करून म्हणाला की अरे, असू दे, आता कशाला. पण हरिचंद्र थांबला नाही. रविवारी आधी येऊन मोटर गरम करायचा तेही त्यानं सांगितलं. आवाज चढलेला होता, जणू तो त्यांच्यावरच आरोप करत होता. "तुमी माजं तोंड हुंगलं, जयदेवशेट, त्याच्या ऐवजी मोटर गार असताना एकदा बगितली असती तरी कळलं असतं. पन ते राहू दे. तार माजी. गरम मीच करीत होतो."

महेंद्र पुढं आला. हात उचलतोय असं वाटून दोघांनी त्याला धरलं. त्यानं त्यांचे हात झटकले, हरिचंद्रकडे बघितलं आणि वळून चालायला लागला. जयदेवनं चष्मा काढून खिशात घातला. मंडळी दोघा-तिघांनी पांगली. जाताना कुणी हरिचंद्रकडे बघत नव्हतं.

संध्या राहिली.

हरिचंद्रनं खिशातली शेडची किल्ली काढली. दोन वर्षं ती त्याच्याचकडे होती. बोटीच्या काठावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, मी सोडतो हे. ज्याला द्यायची त्याला द्या."

ती बोटीपर्यंत आली. तिनं किल्लीला हात लावला नाही.

"तार बरोबर असती तर किती वेळात आला असतात?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "पाच मिनटांत," तो म्हणाला.

संध्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मनगटं बारीक होती, दवाखान्यात सारखी धुऊन बोटांची टोकं पांढरी पडलेली. "पाच मिनिटं होते मी," ती म्हणाली. "दहापण होते. पंधराव्याला हात सुटले. वर्षभर मी रोज हे हात बघते. आईंना मी सोडलं असं समजून बघते. महेंद्र पण तसंच समजतो, बोलत नाही फक्त. तुम्हाला मारलं त्यानं, मला काय मारणार." तिनं मुठी मिटल्या. "आणि तुम्हाला लाज वाटली चार माणसांसमोर दोरा ओढायची."

हरिचंद्र बोटीच्या काठावरच्या किल्लीकडे बघत राहिला.

"आता किल्ली ठेवून घरी जायचं म्हणता. सुटायचंय तुम्हाला. नाही सुटणार, काका. उचला ती."

त्यानं वर पाहिलं.

"उचला. पाऊस संपेपर्यंत रोज सकाळी इथं यायचं. गार मोटर ओढायची, मला घरात आवाज आला पाहिजे. किती हिसके लागतात ते मी मोजणार आहे. माफबिफ काही करत नाही मी तुम्हाला."

ती गेली. हरिचंद्रनं किल्ली उचलली.

जयदेवनं साइटवरचा माणूस पाठवला नाही आणि त्या कागदाचं पुढं काय झालं तेही कुणी सांगितलं नाही. हरिचंद्र रोज सकाळी सहाला बेलवलीहून निघायचा. आषाढ लागला, रोपं लावून झाली. वेणू कुरकुरायची, पण चिंधी धुऊन खुंटीला वाळत घालायची ती त्याच्याच हातासाठी. रस्त्यात ओळखीचे लोक समोरून आले तर दुकानांकडे बघत जायचे. कुणी मागून 'चोक' अशी हाक मारायचं. त्याच्या मस्तकात तिडीक उठायची, पण तो थांबायचा नाही. शेड उघडायचा, बोट पाण्यात सोडायचा, मोटर गार आहे ना हे हातानं बघायचा आणि ओढायचा. तीन. दोन. तीन. दहा मिनिटं मोटर चालवून बंद करायचा आणि परतायचा. संध्याच्या घराची खिडकी शेडपासून दिसायची, पण त्या खिडकीत कधी कुणी दिसलं नाही. कधी कधी त्याला वाटायचं, ती मोजत नसेलच. मग स्वतःवरच चिडून दुसऱ्या दिवशी लवकर जायचा.

जुलैच्या मध्यावर तीन दिवस पाऊस उघडलाच नाही. नदी शेडच्या पायरीला लागली. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं दोरा ओढला. एक, दोन, तीन. मोटर लागली नाही. चार. त्यानं चोक बघितला, पुरता ओढलेला होता. पाच. सहा. मोटर नुसती खोकली. सातव्याला लागली आणि लगेच विझली.

त्यानं मुठीवरचा हात काढला तेव्हा मागं चिखलात पावलं वाजली. संध्या उभी होती. छत्री नाही, केस भिजलेले, पायात घरातल्याच सपाता, डाव्या हाताला कणीक लागलेली.

"सात झाले," ती म्हणाली. "काय झालं?"

"टाकीत पानी शिरलं असनार. झाकनातून. उपसाय लागंल."

तिनं नदीकडे बघितलं, मग गल्लीकडे. गल्लीच्या तोंडाशी पाणी घोट्याएवढं आलं होतं. ती चिखलात उकिडवी बसली आणि बोटीतला रिकामा डबा दोन्ही हातांनी पकडून त्याच्यापुढं धरला.

"ओता," ती म्हणाली.

त्यानं टाकी उचलून वाकडी केली. पेट्रोल आणि पाणी डब्यात पडायला लागलं. डबा जड होत गेला, तरी तिच्या हातात तो हलला नाही.